खोक्यावरचे पाच हजार वॅट

मैत्रिणींनो, पावशेर मिरचीत दोन मिरच्या कमी पडल्या तरी आपल्या लगेच लक्षात येतं. तूरडाळ घेताना आपण दाणा दाताखाली धरून बघतो. साडीचा पदर उजेडात धरतो. माठ घेताना तर चार ठिकाणी टिचक्या मारून, कानाजवळ नेऊन, मगच पैसे काढतो. 'वाजवून घेणे' हा शब्दच मुळी तिथून आलाय. आणि जी वस्तू वाजवण्यासाठीच घ्यायची, तो स्पीकर मात्र आपण खोक्यावरचं चित्र आणि आकडा बघून घरी आणतो! हे मला गेल्या दोन वर्षांत इतक्या ठिकाणी दिसलं, की शेवटी म्हटलं, यावर एकदा लिहायलाच हवं.

कुणी म्हणेल, स्पीकर हा काय बायांच्या पुरवणीचा विषय आहे का? आहे बाई, नक्की आहे. आज आपल्या जिल्ह्यात कुठल्याही गावात जा. बचत गटाची बैठक, भजनी मंडळ, हळदी-कुंकू, अंगणवाडीचा कार्यक्रम, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, सगळीकडे तो चाकं लावलेला, रंगीत दिव्यांचा डबा ओढत आणलेला दिसतो. ट्रॉली स्पीकर म्हणतात त्याला. सोबत एक-दोन माइक. किंमत चार हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत. पूर्वी बिछायत केंद्रातून माइक आणायचा तर पुरुष मंडळींच्या पाया पडावं लागायचं. आता गटाच्या पैशातून गटाचाच डबा. मला स्वतःला ही गोष्ट फार मोठी वाटते. बाईच्या हातात माइक आला आणि तो माइक तिच्या मालकीचा आहे, ही काही लहानसहान बाब नाही. म्हणूनच तो डबा खोटं बोलत असेल, तर ते मला जास्त लागतं.

आता खोटं म्हणजे काय, ते सांगते. मी आर्ट्सची. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण आमच्या ओळखीतला एक माइकवाला भाऊ आहे, वीस-पंचवीस वर्षं याच धंद्यात. त्याच्याकडे बसून, चहाचे तीन-चार कप संपवून, त्याला मी हे सगळं उलगडून सांगायला लावलं. आणि खरं सांगते, त्यात न समजण्यासारखं काहीच नाही. पाचवीचा गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, '५००० वॅट'. त्याच्या शेजारी, कधी अगदी मुंगीच्या अक्षरांत, 'पीएमपीओ'. हे पीएमपीओ म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. क्षणभर, अगदी डोळ्याचं पातं लवायच्या आत, जास्तीत जास्त किती जोर निघू शकेल त्याचा हा आकडा. तो मोजायचा कसा, याचा सर्वमान्य मापदंडच नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने मोजायचा, किंवा न मोजताच छापायचा. खरा आकडा असतो 'आरएमएस'चा. म्हणजे यंत्र सतत, आवाज न फाटता, जेवढा जोर देऊ शकतं तेवढा. हा आकडा कधी खोक्याच्या तळाशी असतो, कधी आतल्या कागदावर, आणि बऱ्याचदा कुठेच नसतो.

माझ्या डोक्यात हे बसलं ते कापूस वेचणीच्या हिशेबाने. समजा, एखादी बाई सकाळी ताज्या दमाने वावरात उतरली. पहिल्या पाच मिनिटांत भरभरून फुटलेल्या बोंडांवर तिने हात मारला. आता त्या पाच मिनिटांच्या कापसाला कुणी दिवसभराच्या मिनिटांनी गुणलं, वर दोन हात आहेत म्हणून पुन्हा दोनाने गुणलं, आणि सांगितलं की ही बाई दिवसाला पाच क्विंटल वेचते, तर शेतमालक तरी ऐकून घेईल का? संध्याकाळी काट्यावर जे भरेल तेच खरं. काट्यावरचं वजन म्हणजे आरएमएस, आणि ती हवेतली पाच क्विंटल म्हणजे पीएमपीओ.

आता खोटं पकडायचं कसं? खोकं स्वतःच सांगतं. घरातल्या वस्तूंकडे बघा. आपला मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा. इस्त्री साधारण हजाराची. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. आपली वीज २३० व्होल्टची, म्हणजे त्या प्लगमधून फार तर १३८० वॅट घेता येतात. गिझरचा मोठा प्लग १६ अँपिअरचा, त्यातून ३६८०. म्हणजे पाच हजार वॅटची वस्तू सतत चालवायची म्हटलं, तर घरातला एकही प्लग तिला पुरायचा नाही! आणि इथे तर तो डबा मोबाइलसारख्या बारीक वायरीने चार्ज होतो. त्या चार्जरवर बघा, १५ व्होल्ट, २ अँपिअर असं काही लिहिलेलं असतं. गुणाकार करा. ३० वॅट. आत ३० येतात आणि बाहेर ५००० निघतात, असा चमत्कार कुठल्या संतचरित्रातही वाचला नाही मी.

यावर आमच्या मुलीने शंका काढली (ती इंजिनिअरिंगला आहे, शंका काढणं तिचा हक्क), की आई, बॅटरीत साठवलेली वीज असते ना, ती एकदम जास्त देऊ शकेल. ठीक. तोही हिशेब करू. अशा डब्यांत बहुधा १२ व्होल्टची, साडेचार अँपिअर-तासाची बॅटरी असते, स्कूटीत असते तशी. बारा गुणिले साडेचार म्हणजे ५४ वॅट-तास. ५४ वॅटचं काम एक तास, किंवा २७ वॅटचं काम दोन तास. मग ५००० वॅटचं काम किती वेळ? ४० सेकंदही नाही! आणि त्याच खोक्याच्या दुसऱ्या बाजूला छापलेलं असतं, 'एका चार्जिंगमध्ये ४ तास'. चार तास चालायचं तर तासाला साडेतेरा वॅटच वाट्याला येतात. म्हणजे खोक्याची एक बाजू दुसऱ्या बाजूला खोटं पाडते. कोर्टात साक्षीदार असा बोलला असता तर वकिलाने त्याला तिथेच बसवला असता.

माइकवाला भाऊ मात्र प्रामाणिक. तो म्हणाला, "ताई, साडेतेरा म्हणजे अगदीच साडेतेरा समजू नका. बोलण्यात, गाण्यात जोर सारखा लागत नाही, मधून मधून लागतो. त्यामुळे आतलं यंत्र तीस-चाळीस वॅटचं असू शकते." बरं, चाळीस धरा. चाळीस वॅट काही वाईट नाहीत. खोलीत, ओसरीवर, पंचवीस-तीस बायांच्या बैठकीत छान ऐकू येतं. वाईट आहे ते चाळीसचे पाच हजार करणं.

आता तुम्ही म्हणाल, छापू दे ना बाई काय छापायचं ते, आपलं काय जातं? काय जातं ते सांगते.

चिखली तालुक्यातल्या एका गावात बारा जणींचा गट आहे. महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून त्यांनी साडेसहा हजारांचा असा डबा घेतला. दुकानात त्यांनी विचारलं होतं, शंभरेक बायांना ऐकू येईल का? दुकानदाराने खोक्यावर बोट ठेवलं, "पाच हजार वॅट आहे, शंभर काय, अख्खं गाव ऐकेल." ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. या गटाने मात्र हट्टाने खरी घेतली. मारुतीच्या देवळापुढे ऐंशीएक बाया जमल्या. मीही होते. विषय होता नळाच्या पाण्याच्या वेळेचा.

पुढच्या बाया ओट्यापाशी बसलेल्या. मजुरीला जाणाऱ्या बाया उशिरा आल्या, त्या मागे, निंबाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. माइकवर बोलणारी जीव तोडून बोलत होती. मागे काय पोहोचत होतं? माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "काय म्हणून राह्यली वो ते? मले तं निसतं घुं घुं आयकू येऊन राह्यलं." आवाज वाढवला तर फाटायला लागला, मग कानाला दडे बसावेत असा कर्कश. कमी केला तर मागे काहीच नाही. शेवटी ठराव झाला, हात वर झाले, मागच्यांनीही केले. ठराव काय होता? पाणी सकाळी दहाला सोडायचं! दहाला त्या मागच्या सगळ्याजणी वावरात असतात. त्यांना चालणारी वेळ होती सहाची. त्या तसं म्हणाल्याही असत्या, पण विचारलं काय हेच त्यांना कळलं नाही. पुढच्या ग्रामसभेत तो ठराव बदलून घेईपर्यंत त्या बायांच्या घरचं पाणी म्हाताऱ्या सासवांनी आणि शाळा बुडवून पोरींनी भरलं.

साडेसहा हजार गेले ते गेलेच. पण हे पाणी भरणं कोणत्या बिलात धरायचं?

आणि त्याच गावात, त्याच देवळावर, जुना पत्र्याचा भोंगा आहे. काकड्याच्या वेळी तो लागला की दोन शेतं ओलांडून ऐकू येतो. मी माइकवाल्याला विचारलं, तो किती हजार वॅटचा? तो हसायला लागला. म्हणे, "तीस." मी म्हटलं, तीस हजार? "नाही वो ताई, तीस वॅट. नुसते तीस."

इथे खरी गंमत आहे, आणि ही कुठलंच खोकं सांगत नाही. किती वॅट आत गेले याच्यावर आवाज जेवढा अवलंबून असतो, त्याहून जास्त तो स्पीकर त्या विजेचा आवाज किती चांगला करतो यावर असतो. याला संवेदनशीलता म्हणतात, आणि ती डेसिबलमध्ये मोजतात, एक वॅट दिला तर एक मीटरवर किती. भोंग्याची रचना तोंडापुढे हाताची ओंजळ धरून हाक मारावी तशी. आवाज एका दिशेला, एकवटून जातो. छोट्या डब्यातल्या स्पीकरपेक्षा तो वीसएक डेसिबलने सहज पुढे असतो. आणि डेसिबलचं गणित आपल्या किलो-लिटरसारखं सरळ नाही. वॅट दुप्पट केले तर डेसिबल वाढतात फक्त ३, कानाला जेमतेम कळेल एवढा फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आणि वीस डेसिबलचा फरक भरून काढायचा तर शंभरपट! भोंगा तीस वॅटमध्ये जे करतो, ते करायला त्या डब्याला खरे तीन हजार वॅट लागतील. भोंग्यावर गाणं काही गोड लागत नाही हे खरं, पण बोलणं मात्र शब्द न् शब्द कळतं, आणि सभेत आपल्याला बोलणंच पोहोचवायचं असतं.

म्हणून मला असं वाटतं, की खोक्यावर एकच आकडा छापायची सक्ती करायची झाली तर ती या डेसिबलच्या आकड्याची करावी. वॅटचा आकडा म्हणजे चुलीत किती लाकूड घातलं त्याचा हिशेब. भाकरी भाजली की नाही, ते कोण सांगणार?

अंतराचंही असंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. डब्यापासून दोन मीटरवर बसलेलीला जे ऐकू येतं, त्यापेक्षा चार मीटरवर ६ ने कमी, आठ मीटरवर १२ ने, सोळा मीटरवर १८ ने. त्यात हे डबे जमिनीवर ठेवलेले, पुढे बायांची दाटी, आवाज पहिल्या दोन रांगांच्या लुगड्यांतच मुरतो. तो उचलून टेबलावर, डोक्यांच्या वर येईल असा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. याला पैसे लागत नाहीत.

आणखी एक छापील थाप म्हणजे '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ'. म्हणजे अगदी खर्जापासून अगदी बारीक किणकिणीपर्यंत सगळे स्वर वाजतात असा दावा. ही खरं तर माणसाच्या कानाची मर्यादा आहे, पुस्तकातून उचलून खोक्यावर छापलेली. चार इंचाच्या पडद्याच्या डब्यातून वीस हर्ट्झचा खर्ज निघणं शक्यच नाही, त्याला हवा हलवायला तेवढी जागाच नसते. 'इतक्या डेसिबलच्या फरकाने' असं पुढे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा वाचूच नये. ढोलकीच्या थापेला 'बास' म्हणून जो धबधबा ऐकू येतो, तो मधल्याच सुरांना फुगवून केलेला असतो. गाण्याला तो बरा वाटतो. बोलणं मात्र त्यातच बुडतं. निंबाखालच्या म्हातारीचं 'घुं घुं' ते हेच.

हे असं आजच घडतंय असंही नाही. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात घरगुती ॲम्प्लिफायर विकणाऱ्या कंपन्यांनी आकड्यांचा असाच धुमाकूळ घातला होता. तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला, की वॅट जाहीर करायचे तर ठरवून दिलेल्या पद्धतीने, सतत मिळणारी शक्ती मोजूनच करायचे. २०२४ साली तो नियम त्यांनी आणखी कडक केला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि डेक घरोघरी आले, तेव्हापासून पीएमपीओ सुखाने नांदतंय. आमच्या लग्नात आलेल्या टू-इन-वनवरसुद्धा ते होतं. फक्त तेव्हा शेकड्यांत असायचं, आता हजारांत. महागाई सगळ्यालाच असते म्हणा!

गंमत बघा, भाजीवाल्याचा काटा सरकारचा माणूस येऊन तपासतो, शिक्का मारतो. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं छापणं वैधमापन कायद्याने सक्तीचं आहे. आपल्या खामगावची चांदी तिच्या शुद्धतेमुळे नावाजली, रजतनगरी म्हणून ओळखली गेली. तिथल्या पेढीवर कुणी चाळीस ग्रॅमच्या पैंजणाला पाच हजार ग्रॅम म्हणून बघावं! आणि वॅटच्या बाबतीत मात्र सगळं माफ.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण असते, तिच्याबद्दलही एक गैरसमज आहे. ब्लूटूथ स्पीकरसाठी आणि चार्जरसाठी ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो टाकला की नोंदणी खरी आहे का ते कळतं, आणि हे जरूर बघावं, कारण स्वस्त चार्जर पेटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण ही खूण सुरक्षिततेची आहे. शॉक लागू नये, आग लागू नये, यासाठीची. पाच हजार वॅट खरे आहेत असं ती म्हणत नाही. दुकानदार मात्र दोन्हीची सरमिसळ करून सांगतात, "ताई, सरकारमान्य आहे."

दुकानदारांवर सगळा दोष टाकावा, असंही मला वाटत नाही. एकाने मला सरळच सांगितलं, "ताई, माझ्याकडे खरे चाळीस वॅट लिहिलेला डबा आहे. चांगल्या कंपनीचा, आवाज स्वच्छ. सहा महिने झाले, धूळ खातोय. गिऱ्हाईक विचारते, शेजारचा पाच हजारांचा त्याच किमतीत येते, मग हा चाळीसचा कायले घ्यायचा?" त्याचंही खरंच आहे. खोटा आकडा नुसता गिऱ्हाइकाला फसवत नाही, खरं लिहिणाऱ्यालाही बाजारातून उठवतो. म्हणूनच 'चालायचंच, थोडं वाढवून लिहितातच' हे म्हणणं मला पटत नाही. थोडं वाढवून म्हणजे चाळीसचे पन्नास. चाळीसचे पाच हजार याला मराठीत दुसरा शब्द आहे.

एक मात्र मला दुकानदारांना सांगायचंच आहे. आम्ही बाया दुकानात गेलो आणि 'आरएमएस किती' विचारलं, की हमखास उत्तर येतं, "भाऊंना घेऊन या ना, त्यांना समजावून सांगतो." भाऊंना काय समजतं ते आम्हाला घरात चांगलं माहीत आहे! आमच्या ह्यांनाही वॅट म्हणजे काय विचारलं, तर त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

मग स्वस्त स्पीकर घ्यायचेच नाहीत का? असं मी मुळीच म्हणत नाही. स्वयंपाक करताना ओट्यावर ठेवून अभंग ऐकायला हजार-पंधराशेचा छोटा स्पीकर मस्त. त्याच्या पाच वॅटमध्ये आपली भाजी-पोळी सुरात होते. पंचवीस बायांच्या बैठकीला ट्रॉलीचा डबा चालतो. पण शंभर बायांच्या मोकळ्या जागेतल्या सभेला तो पुरणार नाही, मग त्याच्यावर पन्नास हजार वॅट का छापलेले असेनात. तिथे बिछायत केंद्रातला छोटा ॲम्प्लिफायर आणि एक भोंगाच बरा. त्या चिखलीकडच्या गटाने आता मोठ्या सभेपुरतं तेच करायचं ठरवलंय, आणि डबा भजनाला ठेवलाय.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराने लावलेल्या धडधडत्या गाण्यावर भुलू नका. ते गाणं डबा चांगला वाटावा म्हणूनच निवडलेलं असतं. आपल्या मोबाइलमध्ये गटातल्याच एखादीचं बोलणं रेकॉर्ड करून न्या, ओळखीच्या आवाजातला दोष लगेच कळतो. नंतर त्यांचाच माइक हातात घ्या आणि बोला. लाजू नका. बोलायला काही सुचलं नाही तर गटातल्या बारा जणींची नावं वाचा. वायर काढायला लावा, नुसत्या बॅटरीवर ऐका. आवाज पूर्ण वाढवा आणि एकीला दुकानाबाहेर, रस्त्यापलीकडे उभी करा. तिला नावं कळली का विचारा. नुसता आवाज आला का, असं विचारू नका, आवाज तर येतोच. फाटायला लागला तर तो कितव्या खुणेवर फाटतो ते बघा. निम्म्यावरच फाटत असेल तर वरची निम्मी बटणं शोभेची समजायची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बिल पक्कं घ्या आणि त्यावर आरएमएस किती वॅट ते दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. खोक्यावर छापायला कुणाचा हात थरथरत नाही, पण स्वतःच्या सहीच्या बिलावर पाच हजार लिहायला माणूस जरा थांबतो. मी दोन दुकानांत हा प्रयोग केला. एकाने चाळीस लिहिले. दुसरा म्हणाला, आमच्याकडे असं लिहायची पद्धत नाही. त्याच्याकडून अर्थातच घेतलं नाही.

मोठ्या आवाजाची भलामण मी करत नाही, हेही सांगून टाकते. वरातीतल्या डीजेने भिंतीवरची भांडी खाली आलेली मी पाहिली आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा वाजवायला बंदी आहे. ती पाळलीच पाहिजे. मला हवाय तो स्वच्छ आवाज, शेवटच्या रांगेतल्या बाईला शब्द कळेल एवढा. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्या निम्म्या जागांवर बसलेल्या बायांचं बोलणं बाकीच्या बायांपर्यंत पोहोचायला नको?

फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. आपल्या महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ जुनी आहे. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आता त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आहे, तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय हे स्पष्ट लिहिलंय, आणि अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. याच प्राधिकरणाने २०२२ साली आयएसआय खूण नसलेले प्रेशर कुकर ऑनलाइन विकल्याबद्दल मोठमोठ्या कंपन्यांवर आदेश काढले होते. कुकरला जो न्याय, तो स्पीकरलाही लागू करावा, असं माझं म्हणणं आहे. आणि ते त्यांनी आपणहून करावं म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा आपल्याकडून तक्रारी जायला हव्यात. एका गावाची एक तक्रार गेली तर ती फायलीत पडेल. शंभर गटांच्या गेल्या तर कुणाला तरी ती फाईल उघडावी लागेल.

सुरुवात १९१५ या फोन नंबरवर करायची. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. तिथे नाही मिटलं तर बुलडाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. नव्या कायद्याने एक फार चांगली सोय केलीय. वस्तू अकोल्याहून घेतलेली असो की घरबसल्या मोबाइलवरून मागवलेली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. मुदत दोन वर्षांची. सोबत बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, चार्जरवरच्या आणि बॅटरीवरच्या आकड्यांचे फोटो लावा, आणि वर सांगितलेला गुणाकार अर्जातच करून दाखवा. तो कुणालाही खोडता येत नाही. खोकं मात्र जागा अडते म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकू नका. माळ्यावर ठेवा. पाच हजारांचा आकडा त्याच्यावरच छापलेला आहे.